एकसारख्या फाइली : काढाव्यात की ठेवाव्यात?

घरातील जुन्या संगणकाची डिस्क भरत आली, की एकसारख्या फाइली शोधणारा एखादा प्रोग्रॅम चालवला जातो आणि ‘विंडोज’ फोल्डरमधील जोड्यांची लांबलचक यादी पडद्यावर उमटते. त्यांतील एकेक प्रत काढून टाकावी काय? वाचकहो, तसे मुळीच करू नये.

६४-बिट विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ आणि ‘सिसवॉव६४’ या दोन फोल्डरांत एकाच नावाच्या अनेक फाइली आढळतात. पहिल्यातील फाइली ६४-बिट प्रोग्रॅमांसाठी असतात, दुसऱ्यातील ३२-बिट प्रोग्रॅमांसाठी. नाव एक असले, तरी काम निराळे. ‘विनएसएक्सएस’ फोल्डरमधील अनेक फाइली तर ‘हार्ड लिंक’ने जोडलेल्या असतात, म्हणजे मजकूर डिस्कवर एकदाच असतो, नावे मात्र दोन ठिकाणी दिसतात. त्यांतील एक नाव पुसल्याने जागा मोकळी होत नाही. उलट पुढील अपडेट अडते, प्रसंगी संगणक सुरूच होत नाही. आणि घरचे हिशेब व छायाचित्रे त्याच यंत्रात अडकून पडतात.

जागा हवीच असेल, तर विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ वापरावे; अनावश्यक झालेल्या जुन्या अपडेट फाइली ते सुरक्षितपणे काढते. आपण स्वतः साठवलेली छायाचित्रे व चित्रफिती यांच्या जादा प्रती खुशाल काढाव्यात. मात्र त्याआधी सर्व संग्रहाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. जे आपण साठवले, तेच आपण निवडावे. यंत्राने मांडलेले यंत्रालाच आवरू द्यावे.