आत्याचं सौभद्र

परवा 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन झाला. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची ही आठवण. आमच्या भागातही त्यानिमित्त नाट्यपदांचा कार्यक्रम होता. गायक तयारीचे, तबला उत्तम, पेटी सुरेल. तरी मध्यंतरात मी जी चिडून बाहेर पडले, ती चीड अजून गेलेली नाही.

निवेदिका रागाचं नाव सांगायची, गायिका पद म्हणायची, टाळ्या पडायच्या, की लगेच पुढचं. ‘सौभद्र’मधल्या सुभद्रेच्या मागोमाग ‘मानापमान’मधली भामिनी, भामिनीच्या मागोमाग सिंधू. कोण कुणाला काय सांगतंय, कशासाठी सांगतंय, याचा एका शब्दाने उल्लेख नाही. ‘एकच प्याला’मधल्या सिंधूचा नवरा दारूपायी संसार धुळीला मिळवतो, तिच्यावर दळण दळायची वेळ येते. त्या बाईच्या तोंडचं पद संपलं आणि मागून शिट्टी आली. वन्स मोअर जुन्या थिएटरातही मिळायचा, पण तिथल्या लोकांनी त्याआधी तिचं घर मोडताना पाहिलेलं असायचं. एरवी भरजरी शालूत दिसणारे बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहायचे. हे एवढं सांगायला निवेदिकेला अर्धं मिनिट पुरलं असतं.

आत्या तिथे असती तर उठून बोलली असती. नाटकाचा विषय निघाला की माझ्या लेखात आत्या डोकावते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. ती गेल्यावर मात्र तिच्याबद्दल सलग लिहायला हात धजला नव्हता.

आमचं घर आगाशीचं. मागे वाडी, वाडीत केळी आणि पानवेली. आत्या वडिलांची धाकटी बहीण. फोर्टात एका कचेरीत नोकरी करायची. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायचे, विरारला येऊन गाडी पकडायची, संध्याकाळी परत. पण साहित्य संघात संगीत नाटक लागलं की ती कचेरीतून परस्पर चर्नी रोडला उतरून केळेवाडी गाठायची. मग रात्रीची विरार. स्टेशनबाहेर माझे वडील सायकल घेऊन उभे. त्या काळी बाईमाणसाने एवढ्या रात्री एकटीने यायचं म्हणजे गावात बोलणं व्हायचंच. आजीने एकदाच विचारलं, “नाटक कसलं होतं?” आत्या म्हणाली, “शारदा.” कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावून पैसा करू पाहणाऱ्या बापाची ती गोष्ट आजीने पूर्ण ऐकून घेतली, आणि पुन्हा कधी आडवी आली नाही. रविवारी अण्णा पेंढारकरांच्या ‘ललितकलादर्श’चा प्रयोग असला की आत्या एक गाडी आधीची धरायची, कारण तिथे तिसरी घंटा वेळेवर व्हायची म्हणजे व्हायचीच.

धाकटी काकू गेली तेव्हा तिची मुलं फार लहान होती. ती आत्याने वाढवली, आमच्याबरोबर एका पंगतीत. तिच्या कचेरीची नाटकमंडळी राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरायची. त्यात तिने एकदा रुक्मिणी केली होती. पुढे तिला सुभद्रा मिळत होती, पण तालमी रात्रीच्या आणि घरात तापाने फणफणलेलं पोर. तिने नाही म्हणून सांगितलं. कुणी तिला त्यागमूर्ती म्हटलेलं तिला अजिबात खपायचं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण मला वाटतं, तिला ती सुभद्रा हवी होती. खूप हवी होती.

तिची वही माझ्याकडे आली. खाकी कव्हर, कोपरे तेलकट, पानांना अजून हळदीचा वास. पुढच्या बाजूने पदं, मागच्या बाजूने घरखर्च: दूध, रॉकेल, मुलांच्या फिया, काकांच्या औषधाचे पैसे. वही भरत आली तशी दोन्ही बाजू मध्ये भेटल्या, आणि सिंधूच्या पदाखाली परीक्षेच्या फीचा आकडा आला. पदांच्या समासात तिने बारीक अक्षरात सूचना लिहिल्यात. एका ठिकाणी आहे, “इथे सुभद्रा रडत नाही. रागावली आहे. आवाज खाली नको.” दुसऱ्या ठिकाणी, “कृष्णाला सगळं माहीत आहे, हे रुक्मिणीला माहीत नाही. हसू नये.” रागाचं नाव क्वचितच कुठे दिसतं.

आम्हांला तिने पदं शिकवली ती अशीच. काळी चारचा सूर धरायचा, पण आधी प्रवेश सांगायचा. बाहेर कोण उभं आहे, आत कोण ऐकतंय, मागच्या अंकात काय घडलं. ते न सांगता कुणी गायला लागलं की ती पेटीचा भाता बंद करायची.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 चं. मोठा भाऊ बलराम सुभद्रेचं लग्न तिला न विचारता दुर्योधनाशी ठरवतो. तिचं मन अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण सगळं जाणून असतो आणि बलरामाचा मान न दुखवता डाव उलटवतो. महाभारतातली मंडळी खरी, पण भांडण कुठल्याही वाड्यातलं. अशीच वेळ आमच्याकडे आली. थोरल्या काकांनी लेकीचं लग्न केळवे-माहीमकडच्या एका बागायतदारांकडे ठरवलं. घर तालेवार, वाडी मोठी. ताईला निर्मळच्या शाळेतला मास्तर पसंत होता. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलेना. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर आत्याने ओटीवर पेटी काढली आणि ‘सौभद्र’ लावलं. सगळी पात्रं तीच. पदं म्हटली, गद्यही म्हटलं, मध्येच उठून कंदिलाची वात सारखी केली. काका सुपारी कातरत ऐकत होते. बलरामाचा प्रवेश झाला तसा त्यांचा अडकित्ता थांबला.

“म्हणजे मी बलराम होय?”

“बलराम वाईट नव्हता रे दादा,” आत्या म्हणाली. “त्याने विचारलं नाही, एवढंच.”

सकाळी काकांनी ताईला वाडीत बोलावून विचारलं. लग्न निर्मळला झालं.

त्यामुळे आत्याचं घर एकीकडे आणि नाटकाचा नाद दुसरीकडे, असं मला कधी दिसलंच नाही. ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’, सगळ्यांत तिला घरच दिसायचं: बाप-लेक, नवरा-बायको, भाऊ-बहीण. जयराम-जयमाला शिलेदारांची ‘मराठी रंगभूमी’ तिला जिवाभावाची वाटायची तीही त्यामुळेच. नवरा, बायको, पुढे लता आणि कीर्ती या दोन्ही मुली, सगळं कुटुंब एका पडद्यामागे. जयमालाबाईंना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आत्याने वाड्यात पेढे वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाई गेल्या, तो दिवस तिने फक्त चहावर काढला.

चालींबद्दल तिचं मत ठाम होतं. ‘सौभद्र’च्या साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या नि लावणीच्या वळणाच्या चाली दळता-कांडताना म्हणता येतात, म्हणून ते घरोघरी गेलं. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. गाणं उंच गेलं, याचा तिला अभिमान होता. पण तेव्हापासून लोक गाणं ऐकायला येतात आणि गोष्ट विसरतात, असंही ती म्हणायची. अभिषेकीबुवांच्या ‘कट्यार’वर तिचा जीव होता, कारण तिथे दोन घराण्यांचं वैर हीच गोष्ट, आणि गाणं काढलं तर गोष्ट उरत नाही, गोष्ट काढली तर गाणं उरत नाही. मला तिचं हे म्हणणं पूर्ण पटतं. नाट्यपदांच्या मैफली जरूर व्हाव्यात, पण सुभद्रेला तिच्या भावांपासून तोडून गायला लावलं तर ऐकणाऱ्याच्या पदरात फक्त तान पडते.

आता ताईची नात विरारच्या कॉलेजात शिकते. तिला ‘संशयकल्लोळ’चा एक अंक बसवायचाय, सगळ्या गद्यासकट. वही तिने मागून नेली. तिला रेवतीपेक्षा कृत्तिका जास्त आवडली, कारण समासात आत्याने लिहून ठेवलंय: “ही बाई खोटी नाही. हिचा संशय खरा आहे, फक्त पुरावा चुकीचा आहे.” रेवतीसाठी नालासोपाऱ्याची एक मुलगी मिळाली आहे, आवाज चांगला आहे. पेटीला बोळिंजचे एक निवृत्त शिक्षक यायला तयार आहेत. फाल्गुनराव मात्र अजून मिळालेला नाही. वसई-विरारमधल्या कुणाला रविवारी सकाळी तालमीला यायला जमणार असेल, तर या सदराच्या पत्त्यावर कळवावं. बोलणं स्पष्ट हवं, आणि पाठांतर पक्कं.