तंबोरा ऐकू आला पाहिजे
(सदर : गराजमधल्या गप्पा)

मंडळी, गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमध्ये शिरणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर फोन बरेच आले, पण त्यातले निम्मे पाण्याबद्दल नव्हतेच! "तुम्ही म्हणे हायब्रीड गाडीची साउंड सिस्टीम घरीच बदललीत? शॉक नाही ना बसत?" ही बातमी कुठून फुटली ते सांगायला नको. आमच्या मंडळात बातमीला हायवे लागत नाही. तेव्हा या वेळी तोच विषय.

आमची गाडी २०१२ ची टोयोटा प्रियस. प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आली आणि इथे अमेरिकेत २००० साली. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच लोकांनी 'दोन इंजिनांची भानगड कशाला' म्हणून नाकं मुरडली होती. आज देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये त्याच लोकांच्या हायब्रीड गाड्या रांगेनं उभ्या असतात. असो.

हायब्रीड घेतल्यावर पहिले आठ दिवस माणूस तिच्या शांततेवरच खूष असतो. सिग्नलला इंजिन बंद, गल्लीत गाडी नुसत्या विजेवर चालते. इतकी शांत, की पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून कमी वेगात अशा गाड्यांनी मुद्दाम आवाज केलाच पाहिजे, असा कायदा करावा लागला. पण हायवेला लागलं की ही शांतता संपते. उलट इंजिनाची घरघर कमी असल्यामुळे टायरचा आवाज जास्तच जाणवतो. मायलेजसाठी गाडी हलकी ठेवलेली, दाराचा पत्रा पातळ. साठ-पासष्ट मैलांच्या वेगाला आत सुमारे सत्तर डेसिबल भरतात, आणि जुन्या काँक्रीटच्या रस्त्यावर तर बोलायलाच नको.

याचं आम्हाला एरवी काही वाटलं नसतं. पण मागच्या उन्हाळ्यात आमचे अप्पा पुण्याहून आले. वय त्र्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं. पुण्यात असले की सवाई गंधर्व महोत्सव कधी चुकवत नाहीत. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव म्हणजे त्यांची पंढरीची वारी. त्यांना एअरपोर्टवरून आणताना आम्ही मोठ्या हौसेनं कुमार गंधर्व लावले. पाच मिनिटांत अप्पा म्हणाले, "बंद कर रे ते. नुसता डग्गा आणि पेटी ऐकू येतेय. तंबोरा कुठाय?"

आम्ही आवाज वाढवला. त्यांनी यंत्रावर हात ठेवला. मागून लेक ओरडली, "बाबा, टू लाउड!" सौ. काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी गाणं बंदच केलं.

अप्पांचं म्हणणं मात्र खरं होतं. गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तंबोऱ्याची खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. टायरची घुमघुमही साधारण याच मुलखात आणि त्याच्या जरा वर. शिवाय कानाचा स्वभाव असा, की जाड आवाज आपल्याहून बारीक आवाजाला झाकतो. त्यामुळे खरज तर बुडतोच, पण जवारीतून निघणारे वरचे नाजूक स्वर, ज्यांच्यात तंबोऱ्याचा सगळा जीव, तेही बुडतात. पॉप गाण्यात सगळे आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर असतात, म्हणून त्यांचं निभावतं. आपल्या विलंबित ख्यालात आलापी हळू आणि तबला ठणठणीत. आलापीसाठी आवाज वाढवावा तर तबला डोक्यात घण घालतो. आणि वयोमानानं कानातून आधी वरचे स्वरच जातात, म्हणजे अप्पांच्या वाट्याला तसंही थोडंच उरलेलं. तंबोरे जुळवण्याबद्दल कुमार किती काटेकोर होते हे त्यांच्या मैफिली ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. तेच तंबोरे गाडीत गायब व्हावेत हे आमच्याही मनाला लागलं. अप्पांना सहा महिन्यांचा मुक्काम, त्यात लांबच्या दोन-तीन सहली ठरलेल्या. पुढच्या वर्षी ते इतका लांबचा प्रवास करतील की नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आधी एका दुकानात गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्यानं गाडीत काय ऐकता हे न विचारताच दीड हजार वॉटचा ॲम्प्लिफायर आणि मागे ठेवायचा भलामोठा सबवूफर दाखवला. मंडळी, खोक्यावरच्या वॉटवर कधी जाऊ नका. ॲम्प्लिफायरचा फ्यूज बघा. त्याला पंचवीस अँपियरचे दोन फ्यूज होते. पन्नास अँपियर गुणिले चौदा व्होल्ट, म्हणजे सातशे वॉट आत जाणार. मग सतत दीड हजार बाहेर कुठून येणार? खोक्यावर 'आरएमएस' असा शब्द शोधावा, तोच आकडा कामाचा. आम्ही हे विचारल्यावर तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

हायब्रीडमध्ये याला आणखी एक बाजू आहे. या गाडीला नेहमीचा अल्टरनेटर नसतो. मोठी बॅटरी सुमारे दोनशे व्होल्टची (आमच्या गाडीत २०१.६), आणि तिच्यातून चौदा व्होल्ट उतरवून देणारा एक कन्व्हर्टर असतो. त्याची वीज इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसते, त्यामुळे जुन्या गाड्यांत स्पीकरमधून येणारी ती अल्टरनेटरची शीळ इथे नाही. संगीताला ही सोयच झाली. पण दिवे, पंखा, ब्रेकचे संगणक सगळे याच कन्व्हर्टरवर जगतात. त्यात दीड हजार वॉटचा जावई कशाला आणून बसवायचा?

आम्ही ठरवलं की आधी गोंगाट कमी करायचा, मग आवाज. दोन शनिवार-रविवार गेले. चारही दारांची आतली पॅनेलं काढली, आणि पत्र्यावर ब्युटिल रबराच्या, वरून ॲल्युमिनियमची पन्नी असलेल्या चिकट शीट रोलरनं दाबून बसवल्या. आधी दारावर टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा आवाज यायचा, आता लाकडी कपाटासारखा येतो. एवढ्यानं टायरचा आवाज नाहीसा होत नाही, पण दार स्वतः थरथरायचं थांबतं. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवू नका, नाहीतर पुढचा लेख गंजावर लिहावा लागेल. आतलं प्लॅस्टिकचं आवरणही होतं तसंच चिकटवा.

मग पुढच्या दारांत बरे साडेसहा इंची स्पीकर आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत ट्वीटर. काचेशेजारच्या खांबात एअरबॅग असते, तिच्या आडून वायर नेऊ नये. मागचे स्पीकर मूळचेच ठेवले. गाडीचा रेडिओही काढला नाही. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, फोन सगळं त्यात गुंतलेलं. त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा, चार चॅनेलचा, प्रत्येकी पंचेचाळीस वॉट आरएमएसचा छोटा ॲम्प्लिफायर घेतला. हा 'क्लास डी' जातीचा, फार तापत नाही. पोथीएवढा आहे, सीटखाली मावला.

आता शॉकचं. हायब्रीडमध्ये उच्च दाबाच्या तारा भगव्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या कव्हरलाही नाही. म्युझिकच्या कामाशी त्यांचा काडीचा संबंध येत नाही. आपलं सगळं काम बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती आमच्या गाडीत मागे उजव्या कोपऱ्यात आहे. मॉडेलप्रमाणे जागा बदलते, म्हणून मॅन्युअल बघावं. काम सुरू करण्याआधी तिची निगेटिव्ह तार सोडवायची, आणि ॲम्प्लिफायरच्या तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घालायचा. ज्यांना याची सवय नाही त्यांनी जाणत्या माणसाकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. वॉरंटीची भीती मात्र उगाच घालतात. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही, १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

सबवूफर का नाही? एक तर तंबोऱ्याला त्याची फारशी गरज नाही. दुसरं, मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिच्यातून मोठी बॅटरी गार करण्यासाठी गाडीतली हवा आत ओढली जाते. तिथे सबवूफरचा खोका, बाळाची गादी किंवा तांदळाची वीस पौंडी पिशवी टेकवली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. स्पीकर बदला न बदला, पण आज जाऊन ती जाळी आधी बघा. आमच्या जाळीवर गणपतीच्या आरत्यांचं पुस्तक आणि लेकीचा एक मोजा निघाला.

ती छोटी बॅटरी मात्र खरोखर छोटी असते, कारण इंजिन फिरवायचं काम तिच्याकडे नसतं. मंडळाच्या पिकनिकला एका मित्रानं गाडी 'रेडी'मध्ये न ठेवता, नुसता रेडिओ चालू करून दोन तास लावण्या वाजवल्या. जेवायच्या वेळी गाडी गप्प. मोठ्या बॅटरीत वीज भरपूर, पण तिचं दार उघडणारा रिले बारा व्होल्टवर चालतो! मागचा दरवाजाही विजेचा, आणि पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड सगळं आत. शेवटी एक लहान मुलगा पुढून आत रांगत गेला आणि आतली खटकी सरकवून दार उघडलं. गाडीला बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधल्या टर्मिनलवरून जंप देता येतो, हे तिथे फारच थोड्यांना ठाऊक होतं. उभ्या गाडीत गाणी ऐकायची असतील तर पार्किंग ब्रेक लावून गाडी 'रेडी'त ठेवा, मग कन्व्हर्टर छोट्या बॅटरीला भरत राहतो. पण बंद गराजमध्ये असं कधीच करू नका. इंजिन मधेच आपोआप सुरू होतं, आणि त्याच्या धुरात जीव जाऊ शकतो.

मायलेजचं सगळेच विचारतात. हायवेला गाडीला पळायलाच पंधरा किलोवॉटच्या आसपास लागतात. गाण्याला सरासरी शंभर वॉटही लागत नाहीत. एअर कंडिशनर याच्या कितीतरी पट खातो. आम्ही टाकीमागून टाकी लिहून ठेवली, फरक दिसला नाही.

सगळं बसवून झाल्यावर अप्पांना घेऊन आम्ही पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला निघालो. आपल्याकडच्या पहिल्या पिढीला १९७६ पासून माहीत असलेलं देऊळ, आमच्याकडून साडेतीनशे मैल. पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर लेकीनं अप्पांच्याच जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली एक घरगुती बैठक लावली. आवाज मध्यमच होता. अप्पा बराच वेळ डोळे मिटून होते, आम्हाला वाटलं झोपले. मग म्हणाले, "खरज उतरलाय. त्या दिवशीही मी सांगत होतो, पण कोणी जुळवून घेतलाच नाही."

लेकीनं विचारलं, "आजोबा, खरज म्हणजे कुठला?" पुढचे चाळीस मैल तो वर्ग चालला. चार तारा, मधल्या दोन जोडीच्या, पहिली पंचमाची, शेवटची खरजाची. तिला तो उतरलेला खरज हॅरिसबर्गच्या अलीकडे ऐकू आला, असं ती म्हणते. आम्हाला अजून येत नाही.

खर्च म्हणाल तर शीट, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तारा मिळून दुकानदारानं सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात झाला. उरलेल्या पैशांत कमी आवाजाचे टायर घ्यायचा बेत आहे, कारण काँक्रीटवर अजूनही घुमतं. त्याबद्दल पुढच्या अंकात. कोणी असे टायर घेतले असतील तर बर्फात कसे चालले ते आवर्जून कळवा.