पाटीवरचा आकडा म्हणजे रोजचे लक्ष्य नव्हे

मा. संपादक,


‘पूर्ण क्षमतेने न चालणारे यंत्र म्हणजे बुडालेले भांडवल’ हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे चुकीचे आहे.

मोटारीच्या पाटीवरचे अश्वशक्तीचे आकडे भोवतालची हवा 40 अंशांपर्यंत असेल, तर खरे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. त्या हवेत मोटारीवर सतत पूर्ण भार टाकला की वाइंडिंग मर्यादेबाहेर तापू शकते. वाइंडिंगचे तापमान 10 अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते.

आता शेतातली डीपी, म्हणजे वितरण रोहित्र. 5 अश्वशक्तीचा पंप 6 केव्हीएपर्यंत ओढतो, म्हणजे 100 केव्हीएची डीपी 16-17 पंपांतच भरू शकते. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी देताना त्याच डीपीवर 22 पंप चालले, की भार सव्वापटीहून जास्त आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त. कारण ती भाराच्या वर्गाने वाढते. उलट 80 टक्के भारावर ती 64 टक्केच राहते. जळालेली डीपी बदलून येईपर्यंत ओलित थांबते. ते नुकसान लेखकाच्या हिशेबात कुठेच नाही.

लेखातले पारस औष्णिक वीज केंद्राच्या 250 मेगावॉटच्या संचांचे उदाहरणही गैरलागू. दुपारी सौर वीज आली की कोळशाच्या संचांना उतरावेच लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार निदान 55 टक्क्यांपर्यंत तरी.

निम्म्याहून कमी भारावर मोटारीची कार्यक्षमता घसरते, एवढेच मान्य.

रब्बीपूर्वी प्रत्येक डीपीवरचे पंप मोजा आणि जास्तीच्या पंपांना दुसरी डीपी द्या.

– एक निवृत्त वायरमन, चांदूर रेल्वे