अडीच मिनिटांची परीक्षा

शाळकरी मुलांच्या यंत्रमानव-स्पर्धा म्हणजे सुखवस्तू पालकांचे नवे खूळ, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'फर्स्ट लेगो लीग'चे नियम एकवार वाचावेत. सहावी-सातवीतील मुले महिनोन्‌महिने खपून एक छोटे यंत्र रचतात, त्याच्या कामाचा क्रम आगाऊ ठरवून देतात आणि अडीच मिनिटांच्या सामन्यात त्याला त्याच्या भरवशावर सोडतात. दूरनियंत्रणास मज्जाव. चाक घसरले, तर दोष आपल्याच गणिताचा! तीन फेऱ्यांतील सर्वोत्तम फेरीचेच गुण धरले जात असल्याने पहिले अपयश हाच दुसरीचा धडा ठरतो. शिवाय यंत्राची रचना, संशोधन आणि परस्परांशी वागणूक यांनाही सामन्याइतकेच वजन असते.

मात्र चषकाच्या हव्यासाने वडीलमंडळीच ठोकळे जुळवू लागली, की मुलांची परीक्षा संपते आणि मोठ्यांची हौस तेवढी उरते.

आणि ज्यांना महागडे संच परवडत नाहीत, त्यांचे काय? २०१६ पासून केंद्र सरकारने अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. १०,००० हून अधिक शाळांत त्या उभ्या राहिल्या. परंतु मोडतोडीच्या भीतीने प्रयोगशाळेला कुलूप लावले, तर ते अनुदान व्यर्थच होय. जे यंत्र मुलाला उकलून पाहता येत नाही, ते त्याला काहीही शिकवीत नाही. शाळाचालकांनी कपाटे उघडावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.