आधी मोरी बघा, मग इंजिन

जुन्या बसचं घर करायचं ही कल्पना ऐकायला फारच छान आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ सारखे येत असतात. पिवळी बस, आत लाकडी फळ्या, खिडकीशी कुंडी आणि हातात कॉफीचा मग घेतलेली एक हसरी मुलगी. बघणाऱ्यालाही वाटतं, खरंच, काय लागतं माणसाला जगायला! मला मात्र त्या व्हिडिओत कायम एकच गोष्ट शोधावीशी वाटते. तो मग विसळलेलं पाणी जातं कुठे?

हा प्रश्न सध्या आमच्या घरातलाच झालाय. माझी भाची आणि तिचा नवरा अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतात. दोघं नोकरी करतात, दर महिन्याला घरभाडं भरतात आणि त्या भाड्याचा हिशेब करून करून वैतागलेत. तिथे शाळांच्या जुन्या बस लिलावात निघतात. त्यातली एक घ्यायची, सीटा काढून टाकायच्या आणि आत राहायचं असं त्यांनी ठरवलं. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हे कळलं तेव्हापासून तिची झोप उडालीय. "एवढं शिकवलं, परदेशी धाडलं आणि पोर बसमध्ये संसार मांडणार? लोकांना काय सांगू मी?"

लोकांचं मी बाजूला ठेवलं. मुंबईतल्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसांनी आयुष्यं काढली, तेव्हा लोकांनी काही विचारलं नव्हतं. मोठ्या स्कूल बसची आतली रुंदी साधारण साडेसात फूट आणि राहण्याजोगी लांबी तीसेक फूट. म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट झाले, तेही दोघांत! जागा लहान म्हणून मी कुणाला नको म्हणणार नाही. माझं म्हणणं निराळं आहे. ही बस निवडायची कोणी आणि काय बघून?

पहिल्या दोन बस जावईबापू एका मित्राला घेऊन बघून आले. दोघंही इंजिनात डोकं घालून उभे, असे फोटो भाचीला आले. तिला विचारण्यात काय आलं? पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे! मी तिला विचारलं, "अगं, दिवसभर त्या बसमध्ये असणार कोण?" म्हणाली, "मावशी, मीच की. माझं काम लॅपटॉपवरचं. तो सकाळी सातला जातो तो संध्याकाळीच येतो." म्हणजे जी चोवीस तास आत राहणार तिच्या वाट्याला पडदे आणि जो रात्री झोपायला येणार त्याच्या वाट्याला बस. जावई वाईट नाहीत हं, भांडीसुद्धा घासतात. पण गाडी म्हटली की ती पुरुषानेच पारखायची, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मुलीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

इंजिन बघू नये असं मी म्हणत नाही. पहिल्या बसला कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन होतं आणि जावई त्यावर खूश होते. ते इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे. (कमिन्स म्हटलं की मला पुण्यातलं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आठवतं, ते असो.) शाळेच्या बसचं एक बरं असतं, तिच्या देखभालीची नोंद बहुधा नीट ठेवलेली असते. ती वही मागावी, ओळखीचा नव्हे तर पैसे घेणारा मेकॅनिक न्यावा आणि त्याच्याकडून तपासून घ्यावं. बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं, अगदीच झालं तर बदलता येतं. सांगाडा गंजला तर मात्र तुमचं घरच गंजलं.

ओहायोसारख्या भागात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी वर्षानुवर्षं बसच्या पोटाखाली उडत राहतं. वरून बघाल तर रंग झकास आणि खाली लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. त्यातून स्कूल बसच्या लोखंडी पत्र्यावर प्लायवूड असतं आणि त्यावर रबराची चटई. पोरांच्या बुटांचं पाणी त्या रबराखाली मुरतं, सीटांच्या बोल्टच्या भोकांतून उतरतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून भाचीला म्हटलं, चटईचा कोपरा उचलून दाखवा म्हणावं. टॉर्च घेऊन खाली वाक, हातोडीने हलकेच ठोकून बघ. दुसऱ्या बसचा कोपरा उचलला आणि त्या भोकातून खालची जमीन दिसली! त्या बसचं इंजिन, जावयांच्या म्हणण्याप्रमाणे, "एकदम मस्त" होतं.

पत्र्याच्या घराबद्दल मला थोडं कळतं. आमच्या संस्थेच्या कामासाठी मी गेली अनेक वर्षं बांधकाम मजुरांच्या वस्त्यांवर जाते. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी बाळाला आत ठेवववत नाही. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि अंथरुणावर टपकतो. बस म्हणजे तरी काय, चाकांवरचा पत्राच. आत स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, दोन माणसांनी रात्रभर श्वास सोडला की थंड पत्र्यावर पाणी धरणारच. त्यामुळे भिंतींना, छताला आणि जमिनीला आतून अस्तर हवं. अस्तर घातलं की उंची कमी होते. इथेच पुष्कळांचं गणित चुकतं. स्कूल बसच्या आतली उंची सहा फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत असते. सहा फुटांची बस घेतली आणि वरखाली मिळून तीन-चार इंच गेले की उरलं काय? आमचे जावई सहा फुटांना एक बोट कमी. आयुष्यभर मान वाकवून राहायला ते काही नवी सून नाहीत! छत कापून उंच करता येतं, पण ते वेल्डिंगचं मोठं आणि खर्चाचं काम. त्यापेक्षा मुळात उंच छताचीच बस शोधावी. आणि ओटा जिथे यायचा तिथे आतमध्ये चाकावरचा उंचवटा येतोय का, हेही घेण्याआधीच टेपने मोजून बघावं.

आता मोरी. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. दोघांचे झाले २७० लिटर. बसमध्ये ३०० लिटरची टाकी बसवली तर त्या हिशेबाने ती एका दिवसात संपली. शिवाय ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो वजन, ते कुठेही ठेवून चालत नाही. अर्थात बसमध्ये कोणी माणशी १३५ लिटर वापरत नाही, काटकसर करावीच लागते. काटकसर म्हणजे पाणी कुठून आणायचं, किती दिवसांनी आणायचं, सांडपाण्याची टाकी भरली की ती कुठे रिकामी करायची, हे सतत डोक्यात ठेवणं. घरात हे काम न सांगता कोणाकडे येतं, ते मी लिहायला नको. वस्तीवरच्या बायकांना मी विचारते, खोली कशी आहे? त्या खोलीचं सांगतच नाहीत. "ताई, नळ लांब हाय," हेच पहिलं वाक्य.

आणि संडास. व्हिडिओत हा विषय हसून उडवून लावतात. बसमध्ये एकतर टाकीचा संडास बसवतात, ती टाकी ठरलेल्या ठिकाणी नेऊन उपसावी लागते, किंवा लघवी वेगळी काढून मैल्यावर भुसा वगैरे टाकायचा कोरडा संडास. दोन्ही चांगले चालतात, फक्त ते कोणीतरी हाताने साफ करायचे असतात. हे काम आठवड्याला वाटून घेणार का, हे बस घेण्याआधी बोलून घ्या, असं मी दोघांना समोरासमोर सांगितलं. जावई थोडे लाजले, पण "हो" म्हणाले. जुन्या बसचा चांगला उपयोग ज्यांनी केला, त्यांनी सुरुवातच इथून केली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ मध्ये 'लावा मे' नावाच्या संस्थेने शहराच्या निवृत्त बसमध्ये बेघर लोकांसाठी न्हाणीघरं केली, ती आग विझवण्याच्या नळांना जोडून. पाणी कुठून येणार हे आधी ठरलं. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं उभी राहिली, त्यामागेही बाईला शहरात काय मिळत नाही याचा विचार होता.

गॅसचंही तसंच. तिथे प्रोपेन वापरतात. आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखाच तोही हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. म्हणून हवा जायची जाळी खालच्या अंगाला हवी, सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात हवा, आणि मागचं संकटकालीन दार पलंगाने बंद करायचं नाही. किती सुंदर बसघरांत मी त्या दाराला कपाट टेकवलेलं पाहिलंय!

हे सगळं जमलं तरी बस उभी कुठे करणार? जावयांचं उत्तर, "कुठेही. तेच तर स्वातंत्र्य!" असं नसतं हो. तिथल्या अनेक गावांत स्वतःच्या प्लॉटवरसुद्धा गाडीत कायमचं राहायला परवानगी नसते. गाड्या उभ्या करायचे जे खासगी तळ असतात, त्यातले काही दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत, आणि लिलावातली बस तर त्याहून जुनीच निघते. कागदोपत्री ती शाळेची बस न राहता राहण्याची गाडी व्हावी लागते, विमा मिळायला त्रास होतो, लाल दिवे आणि 'थांबा'ची पाटी काढावी लागते, पुष्कळ राज्यांत तो पिवळा रंगही बदलावा लागतो. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिषदेत मुलांच्या सुरक्षेसाठी तो रंग ठरला, त्यामुळे तो शाळेचाच राहणार.

आपल्याकडे एसटीची जुनी बस घेऊन असं करता येईल का, असं माझ्या शेजारणीने विचारलं. मनात आलं आणि करून टाकलं, असं नाही करता येत. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाहीत, आणि १ एप्रिल २०२३ पासून परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरच्या बसची नोंदणीच पुढे चालू राहत नाही, त्या भंगारात जातात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते सहलीसाठी. संसारासाठी नाही.

ताईला मी 'नोमॅडलँड' हा सिनेमा दाखवला. त्याला २०२१ चं ऑस्कर मिळालं. त्यात साठीच्या बाया गाडीतच राहतात, काही आवडीने, काही मंदीत घर गेल्यामुळे. ताई पाहून रडली आणि म्हणाली, "बघ, हे असं होईल तिचं." मी म्हटलं, त्या बायकांकडे परतायला घर नव्हतं. आपल्या लेकीकडे नोकरी आहे, आणि तिने ही बस कंटाळा आला तर विकायची ठेवली, हातात काही महिन्यांच्या भाड्याइतके पैसे ठेवले, तर ती तिची हौस आहे. ते पैसेही बसमध्ये ओतले तर मात्र ती अडकली. हे मी भाचीलाही तेवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगितलं. खात्यातली सगळी शिल्लक इंजिनावर आणि लाकडी फळ्यांवर संपवू नकोस. परत यायचं तिकीट वेगळं ठेव.

गेल्या महिन्यात दोघं ॲरिझोनातली एक बस बघायला गेले, तीन हजार किलोमीटर. तिथे बर्फ नाही, मीठ नाही. या वेळी टेप आणि हातोडी भाचीच्या पर्समध्ये होती. उंच छत, कोरडा पत्रा, इंजिन आधीच्यापेक्षा साधं. जावयांनी थोडी कुरकूर केली म्हणे.

आता कागद व्हायचेत. आपल्याकडे २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बसला तसं काही नाही, ती कायद्याने वाहनच. तिथल्या अनेक राज्यांत वाहनाच्या कागदावर नवरा-बायकोच्या नावांमध्ये 'किंवा' लिहिलं तर कोणीही एक जण सहीने गाडी विकू शकतो. 'आणि' लिहिलं तर दोघांच्या सह्या लागतात. भाचीला फोन करून सांगितलंय, आधी नियम विचार आणि मधे 'आणि' लिहून घे.