रंगीत तालमीची शहरं

जगातली सर्वाधिक वेळा लुटली गेलेली बँक कोणती? सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण बँकिंगच्या पुस्तकांत त्याचं उत्तर मिळत नाही. या बँकेत ना ठेवी आहेत, ना कर्जं, ना थकबाकी. तरीही तिच्यावर वर्षानुवर्षं दरोडे पडताहेत आणि दरोडा पडला की तिचे वरिष्ठ खूश होतात!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात क्वांटिको इथं एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेची अकादमी आहे. तिच्या आवारात १९८७ पासून ‘होगन्स ॲली’ नावाचं एक छोटं गाव वसलेलं आहे. गावात पोस्ट आहे, हॉटेल आहे, औषधाचं दुकान आहे, कपडे धुण्याचं दुकान आहे आणि ‘बँक ऑफ होगन’ही आहे. गाव उभारताना हॉलिवूडच्या नेपथ्यकारांची मदत घेतली गेली. दरोडेखोर, ओलीस आणि बघे सगळे रोजंदारीवरचे नट; खरे असतात ते फक्त शिकाऊ तपास अधिकारी. गावातल्या ‘बायोग्राफ’ चित्रपटगृहावर ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ या जुन्या सिनेमाची पाटी कायमची लागलेली आहे. १९३४ च्या जुलैत जॉन डिलिंजर हा कुप्रसिद्ध दरोडेखोर शिकागोच्या बायोग्राफमध्ये हाच सिनेमा पाहून बाहेर पडला आणि जवळच्याच गल्लीत एफबीआयच्या गोळ्यांना बळी पडला, त्याची ती आठवण.

ऐकायला मौज वाटते. पण अशी खोटी गावं आणि शहरं आज जगभर आहेत. त्यांत सैनिक, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान तयार होतात आणि तिथं जे शिकतात ते घेऊन खऱ्या शहरात शिरतात. ती खरी शहरं तुमच्या-माझ्यासारख्यांची असतात. म्हणून या मौजेच्या मागे काय आहे, ते जरा नीट पाहायला हवं.

आपल्या भाषेत ‘तालीम’ या एकाच शब्दाला दोन घरं आहेत. पहिलवान मातीत घुमतो तीही तालीम आणि नाटकवाले संवाद घोकतात तीही तालीम. एकीत अंग तयार होतं, दुसरीत भूमिका. प्रयोगाआधी नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांसह होते ती रंगीत तालीम. ही खोटी शहरं म्हणजे या दोन्ही तालमी एका जागी. तिथं अंगाला सवय लागते आणि समोरच्या माणसाला कोणती भूमिका द्यायची, हेही नकळत ठरून जातं.

अंगाच्या सवयीचं महत्त्व कुणी नाकारू नये. मोकळ्या रानात सैनिकाला शत्रू समोर दिसतो. शहरात तो वरच्या मजल्यावर, तळघरात, गटारात, पाठीमागच्या खिडकीत, कुठेही असू शकतो. प्रत्येक दार हा एक प्रश्न असतो. आधी कोणी शिरायचं, कोणत्या कोपऱ्याकडे कोणी पाहायचं, जिना कसा चढायचा, याचं उत्तर शोधायला तिथं वेळ नसतो; ते हातापायांतच असावं लागतं. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियातल्या मोगादिशूच्या गल्ल्यांत जगातलं सर्वांत सुसज्ज सैन्य रात्रभर अडकून पडलं. १९९४ च्या अखेरीस ग्रॉझ्नीत शिरलेल्या रशियन रणगाड्यांची काय गत झाली, तेही जगानं पाहिलं. अमेरिकन मरीन दलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल क्रुलक यांनी त्या दशकाच्या शेवटी ‘तीन गल्ल्यांच्या युद्धा’ची कल्पना मांडली. एका गल्लीत सैनिक धान्य वाटत असेल, दुसऱ्या गल्लीत भांडणाऱ्या दोन टोळ्यांना दूर ठेवत असेल आणि तिसऱ्या गल्लीत जिवाच्या करारानं लढत असेल. तेही एकाच दिवशी.

ही गावं काळाप्रमाणे कपडे बदलतात, हे मला विशेष वाटतं. इंग्लंडच्या सॅलिसबरी पठारावरचं कोपहिल डाउन १९८८ च्या सुमारास बांधलं ते जर्मन खेड्यासारखं, कारण लढाई पश्चिम जर्मनीत रशियनांशी होणार असा हिशेब होता. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि कालांतरानं त्याच उतरत्या छपरांखाली इराक-अफगाणिस्तानला जाणाऱ्या तुकड्या सराव करू लागल्या. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन आहे. तिथं १९८० च्या दशकात रशियन पद्धतीनं लढणारं खोटं सैन्य होतं. २००३ नंतर तिथं इराकी गावं उभी राहिली. मशिदी, बाजार, अरबी पाट्या सगळं आलं. पुढे वारं फिरलं, तेव्हा ‘डोनोव्हिया’ नावाचं काल्पनिक बलाढ्य शत्रुराष्ट्र जन्माला आलं. जर्मनीनं अलीकडे श्नोगर्सबुर्ग हे सुमारे सहा चौरस किलोमीटरचं सरावशहर बांधलं. पाचशेच्या आसपास इमारती, नदी, झोपडपट्टी आणि भुयारी रेल्वेचा एक तुकडासुद्धा! एखादा देश कशाला भितो हे ओळखायचं असेल, तर त्यानं सरावासाठी बांधलेलं शहर पाहावं. अंदाजपत्रकापेक्षा ते अधिक खरं बोलतं.

पण नेपथ्य कितीही हुबेहूब केलं, तरी शहर भिंतींनी होत नाही. म्हणून अशा शहराची पारख करायची, तर माझ्या मते एकच प्रश्न विचारावा: इथं रहिवासी म्हणून कोणाला उभं केलं आहे?

या प्रश्नाचं सर्वांत भयंकर उत्तर १९४३ साली अमेरिकेच्या युटा राज्यातल्या डगवे इथं मिळालं. ते सरावाचं नव्हे, चाचणीचं मैदान होतं. तिथं जर्मन आणि जपानी घरं उभारली गेली. जर्मन घरांसाठी एरिक मेंडेलसोन हे हिटलरच्या राजवटीतून निसटलेले वास्तुकार सल्लागार होते. जपानी घरांसाठी होते अँतोनिन रेमंड. हे गृहस्थ जपानात अनेक वर्षं राहिलेले; पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातली ‘गोलकोंड’ ही सुंदर, शांत वास्तू त्यांचीच. चटया, फर्निचर, पडदे, लाकडाची जात, सगळं अगदी खऱ्यासारखं हवं असा आग्रह होता. हेतू एकच: आगलावे बॉम्ब कुठे पडले की घर लवकर पेटतं, ते पाहायचं. घरं जाळली जात, पुन्हा बांधली जात आणि पुन्हा जाळली जात. १९४५ च्या ९-१० मार्चच्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसं होरपळून मेली. डगवेच्या त्या घरांत सगळं काही होतं. फक्त राहणारी माणसं कुणाच्या हिशेबात नव्हती. लोकांच्या घराची इतकी बारीक माहिती केवळ प्रेमापोटीच गोळा होते, अशी माझी एक भाबडी समजूत होती. ती राहिली नाही.

दुसरं उत्तर फोर्ट अर्विनचं. तिथं रहिवासी आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेले इराकी लोक मजुरीवर येऊन सरपंच, दुकानदार, शोकाकुल आई अशा भूमिका करत. पूर्वी कधी तरी हात-पाय गमावलेली माणसं स्फोटातल्या जखमींची कामं करत. तरुण सैनिकानं दुभाष्यामार्फत सरपंचाशी बोलायचं, कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याची समजूत काढायची, चिडलेल्या जमावासमोर बंदूक खाली ठेवायची. डगवेपेक्षा हे कितीतरी पुढचं पाऊल. तरी इथला रहिवासी शेवटी सैनिकापुढचं एक कोडंच असतो: हा मित्र की शत्रू? संध्याकाळी तो मजुरी घेऊन घरी जातो. खऱ्या गावातल्या माणसाला जायला दुसरं घर नसतं.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात त्झेलीम तळावर ‘बलादिया’ हे अरबी वळणाचं सरावशहर गेल्या दोन दशकांपासून आहे. मशीद, अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची बहुमजली घरं. इस्रायली सैनिकांचं शहरी लढाईचं शिक्षण तिथं होतं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या भीषण हल्ल्यानंतर ते सैन्य खऱ्या गाझात उतरलं. त्यानंतर तिथल्या बहुतांश इमारतींची पडझड झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या उपग्रह पाहणीत दिसतं. या युद्धातलं कोण किती दोषी, याचा निवाडा या लेखाच्या आवाक्यातला नाही. पण दारादारानं, खोलीखोलीनं लढण्याची तालीम झाली म्हणजे शहर वाचतंच असं नाही, एवढं त्यातून दिसतं. ते वाचवायचं की नाही, हा निर्णय तालमीच्या बाहेर, वेगळ्याच खोलीत होतो.

कधी तर खऱ्या गावाचंच नेपथ्य होतं. कोपहिल डाउन ज्या पठारावर आहे, त्याच पठारावर इंबर नावाचं जुनं खेडं होतं. १९४३ च्या १ नोव्हेंबरला गावकऱ्यांना बोलावून सांगण्यात आलं, की अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी ४७ दिवसांत गाव सोडा. युद्ध संपलं की परत येऊ, या समजुतीनं लोक गेले. युद्ध संपलं, पण गाव परत मिळालं नाही. १९६१ मध्ये मोठं आंदोलन झालं, चौकशीही झाली. निकाल लष्कराच्या बाजूनं लागला. आज तिथलं चर्च वर्षातून मोजके दिवस उघडतं आणि लोक येऊन पाहून जातात. धरणाखाली गेलेली गावं उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पाहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना यातलं दुःख समजावून सांगायला नको.

आता तिसरं उत्तर. टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या विस्तार सेवेचं ‘डिझास्टर सिटी’ नावाचं ५२ एकरांचं शहर आहे. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर स्फोट होऊन १६८ माणसं मेली, त्यानंतरच्या वर्षांत ते उभं राहिलं. हे शहर मोडलेलंच बांधलं आहे. कोसळलेली दुकानांची रांग, खचलेली कार्यालयाची इमारत, रुळांवरून घसरलेली आगगाडी, काँक्रीटचे ढिगारे. त्यांच्या पोटात स्वयंसेवक तासन् तास पडून राहतात आणि बचाव पथकं, कुत्री त्यांना शोधून काढतात. इथं रहिवासी लक्ष्य नसतो, कोडंही नसतो. सगळा खेळ त्याच्यासाठीच मांडलेला असतो. ढिगाऱ्यावर सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, यंत्रं बंद करायची आणि कान देऊन खालची टकटक ऐकायची, हा या शिक्षणातला एक धडा आहे. ज्या तालमीत ऐकायला शिकवतात, ती तालीम मला सगळ्यांत मोलाची वाटते.

हे सारं परदेशातलं झालं. आपल्याला याची गरज किती, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं दाखवलं आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईनं. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीहून यायला सकाळ झाली. मानेसरला कसून तयार झालेली ती मुलं होती. पण ताजच्या जुन्या इमारतीतले जिने, बोळ आणि दालनं त्यांना अनोळखी होती आणि उपयोगी पडतील असे नकाशे वेळेवर हाती नव्हते. ते ज्यांना ठाऊक होते, त्या हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी आतल्या वाटांनी कितीतरी पाहुण्यांना बाहेर काढलं आणि त्यांतल्या काहींनी त्यासाठी प्राण दिले. त्यानंतर मुंबईत कमांडोंचा तळ झाला, राज्याची ‘फोर्स वन’ आली. त्याआधी २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं होतं. त्याची एक तुकडी पुण्याजवळ आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडला इमारत कोसळली, तेव्हा एक चिमुकला मुलगा अठरा-एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, तो याच दलाच्या जवानांमुळे.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. काँक्रीटचा स्लॅब कोसळतो, तेव्हा त्याखाली पोकळ्या राहू शकतात आणि त्यांत माणूस तग धरतो. किल्लारीची घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. ती कोसळली, तेव्हा पोकळी उरलीच नाही. माती नाकातोंडात गेली. टेक्सासचा ढिगारा आपल्याला माळवदाचं शिकवणार नाही. चाळीचा लाकडी जिना, वाड्याची देवडी, झोपडपट्टीतला दोन हातांचा बोळ, लोखंडी जाळ्यांनी बंद केलेली सज्जाची खिडकी, यांची तालीम आपली आपल्यालाच करायला हवी.

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव ठरला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. अशा वेळी आपण बहुधा गच्चीत उभे राहून बघतो, मोबाईलवर चित्रण करतो. वास्तविक या नाटकात आपण प्रेक्षक नाही. प्रमुख भूमिका आपलीच आहे. मी ज्या शाखांत काम केलं, तिथं धोक्याची घंटा तपासायची ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. कोणी मान वर करून पाहत नसे. वहीत नोंद मात्र न चुकता होई. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते फाइलला लागतं. पण चौथ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कोणी आणि कोणत्या जिन्यानं उतरवायचं, हे त्या फाइलीत नसतं.

त्याला बावन्न एकर जमीन लागत नाही. एखाद्या रविवारी, आगाऊ सूचना न देता, आपल्याच इमारतीत घंटा वाजवावी. जिन्यातल्या सायकली, कुंड्या, जुनं कपाट किती वाट अडवतात ते समजेल. गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे तेही समजेल. कोणत्या घरात म्हातारी माणसं आहेत, कोणाला ऐकू येत नाही, कुठली मुलं दुपारी एकटी असतात, याची एक यादी करून खाली पहारेकऱ्याजवळ ठेवावी. बचावाला येणारा जवान कितीही तयारीचा असला, तरी आपल्या घरात तो परकाच असतो. त्याला वाट दाखवणारं माणूस तिथलंच लागतं.