सुकाणू आणि बाकीचे हात

होडी आणि पाणी म्हटले की साहित्याच्या वाचकाला बहुधा एकटा माणूस आठवतो. हेमिंग्वेची १९५२ सालची लघुकादंबरी पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, आणि ते एकटेपण शीर्षकातच येऊन बसले. हे चित्र आम्हालाही प्रिय आहे. मात्र त्यामुळे आमची वाचनदृष्टी थोडी एकांगी झाली, असे आता वाटते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांवर ‘ए स्काउ’ जातीच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. ही होडी ३८ फूट लांब, रुंद आणि सपाट असते. तिला तळाशी जड कील नाही. तोल सांभाळतात ती सहा-सात माणसांची शरीरे. होडी सरळ असताना रुंद तळ पाण्याला घासतो. बेताची कलली की पाण्यातला भाग अरुंद होतो आणि ती धावू लागते. जास्त कलली तर उलटते. वाऱ्याच्या समोर वळण घेताना एका बाजूची फळी वर ओढायची, दुसरी खाली सोडायची, शिडांचे दोर सांभाळायचे आणि सर्वांनी या काठावरून त्या काठावर जायचे. हे सारे काही क्षणांत. एकजण चुकला तर सुकाणूवरचे कौशल्य वाया जाते.

यावर कोणी म्हणेल, अखेर नाव सुकाणूधाऱ्याचेच होते. खरे आहे. याच तळ्यांवर घडलेले बडी मेल्जेस १९७२च्या ऑलिंपिकमध्ये सोलिंग प्रकारात सुवर्णपदक जिंकले. पण सोलिंग ही तिघांची होडी आहे. पुढे १९९२च्या अमेरिका चषकात विजयी नौकेचे सुकाणूही त्यांनी बिल कॉक यांच्यासह वाटून घेतले.

आमचा आक्षेप नायकाला नाही, इतरांना ‘गर्दी’ समजण्याला आहे. होडीवरच्या प्रत्येकाचे काम निराळे असते. साहित्यातही राम पटवर्धनांसारख्या संपादकाने हस्तलिखितावर घेतलेले श्रम लेखकाच्या प्रतिभेला उणेपणा आणत नाहीत. ती प्रतिभा वाचकापर्यंत कशी पोचली, एवढेच सांगतात. तरीही आमच्या प्रश्नपत्रिका लेखकापाशी सुरू होऊन लेखकापाशीच संपतात. अनुवादक, संपादक, मुद्रितशोधक यांच्याविषयी एकही प्रश्न नसतो. ‘एका कोळियाने’ शिकवताना निदान अनुवादकाचे वाक्य मुळाशेजारी ठेवून वाचावे. तो एकटा कोळीही मराठीत एकटा आलेला नाही.